किरकोळ तक्रार

“दिसतेय की शेवटची ओळ!” महाराज सातव्यांदा ओरडले.

प्रोग्राममधल्या चुका शोधणाऱ्या टेस्टर बाईंनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं. पाच वाजता एडिटरची, म्हणजे मजकूर लिहायच्या सॉफ्टवेअरची, नवी आवृत्ती बाहेर पडायची होती. चार वाजले होते, आणि एकच तक्रार उरली होती: लिहून ठेवलेली फाइल पुन्हा उघडली की शेवटची ओळ गायब. वर्षभरात चाळीस जणांनी हे कळवलं होतं. महाराजांचा शेरा ठरलेला, ‘किरकोळ. वापरणाऱ्याची चूक.’

महाराज हे नाव ऑफिसने ठेवलेलं. एडिटर त्यांनी एकट्याने लिहिला होता आणि ते कुणाला विसरू देत नसत. दुसऱ्याच्या एडिटरमध्ये किराण्याची यादी उघडणंही त्यांना कमीपणाचं वाटे.

आठव्यांदा त्यांनी ‘कखग’ टाइप केलं, एंटर मारला, फाइल सेव्ह करून बंद केली, उघडली. ओळ जागच्या जागी.

“लोकांना डोळे नाहीत, त्याला मी काय करू?”

“थांबा. शेवटी एंटर कशाला मारलात?”

“मारायचाच असतो! प्रोग्रामरचा हात आहे हा.”

“बाकीचे नाही मारत, महाराज. वाक्य संपलं की उठतात.”

एंटर न मारणं भलतंच अवघड निघालं. बोट तीनदा आपसूक तिकडे गेलं. चौथ्यांदा उजवा हात डाव्याने धरून ठेवावा लागला. फाइल उघडली. ओळ गायब.

महाराजांनी स्वतःचा प्रोग्राम उघडला. चूक दहा मिनिटांत सापडली आणि दुरुस्तही झाली. शेवटी एंटर नसेल तर ती ओळ फाइलमध्ये असायची, पण एडिटर दाखवत नसे. हे कुण्या गाढवाने लिहिलंय, हे शोधायची गरज नव्हती. गाढव एकच होतं.

“आता प्रोग्रामर नसलेल्या माणसाची एखादी फाइल उघडून बघा,” बाई म्हणाल्या.

अशी फाइल महाराजांकडे एकाच माणसाची होती. बाबांची. अकरा महिन्यांपूर्वी बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा महाराज गेले नव्हते. तेव्हाही एक आवृत्ती बाहेर पडायची होती. बाबांना फोनवर ऐकू येत नसे, म्हणून ते दर महिन्याला लेकाच्या एडिटरमध्ये पत्र लिहून पाठवत. पण पत्र कसलं? कुंडीतलं रोप, शेजाऱ्यांचं भांडण, संपलं. ये म्हणून एक शब्द नाही. बाबांनी राग धरलाय, हे महाराजांनी केव्हाच ओळखलं होतं. म्हातारा हट्टी, तर लेक काय कमी? तेही दर वेळी दोनच शब्द पाठवत: ‘पत्र मिळालं.’

त्यांनी ऑपरेशननंतरचं पहिलं पत्र उघडलं. रोप होतं. भांडण होतं. खाली आणखी एक ओळ होती.

‘आला नाहीस म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. डोळा छान आहे. कधी येतोस?’

महाराजांनी दुसरं उघडलं. तिसरं उघडलं. अकराही उघडली. सगळ्यांच्या शेवटी तेच, ‘कधी येतोस?’ आणि त्यावर अकरा वेळा त्यांचं उत्तर गेलं होतं, ‘पत्र मिळालं.’

“दिसते ना ओळ?” बाईंनी विचारलं. “मग शेरा काय लिहू? किरकोळ?”

महाराजांनी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी नवी फाइल उघडली आणि लिहिलं, ‘बाबा, उद्या सकाळी येतो.’

बाबांकडे अजून जुनीच आवृत्ती होती. महाराजांनी शेवटी एंटर मारला. मग, एडिटर कुणी लिहिलाय ते आठवून, आणखी एकदा मारला.