पांढरं तोंड

लग्नानंतर प्रेरणा पहिल्यांदाच जानेफळच्या वावरात निंदणाला आली होती. वावराच्या कडेच्या धुऱ्यावर बसून तिनं सनस्क्रीनची ट्यूब काढली आणि तोंडाला, हातांना चोळून घेतली. बाया खुरपी सोडून हसायला लागल्या. "पाह्य व माय, निवृत्तीभाऊची सून वावरात नवरी होऊन आली!" प्रेरणाला रडू फुटायचंच बाकी राहिलं.

तेवढ्यात सगळ्यांत जाणत्या आशाबाई उठून तिच्याजवळ आल्या. "हे लावून मी गोरी होईन का व?"

"गोरं नाही होत, मावशी," प्रेरणानं खरं ते सांगितलं. "पण उन्हानं कातडी जळत नाही. गालावरचे हे डाग वाढत नाहीत, सुरकुत्याही लवकर पडत नाहीत."

"गोरं होऊन मले कुठं जाचं हाये? पण संध्याकाळी तोंडाची लय आग होते." आशाबाईंनी डोळे मिटून तोंड पुढं केलं. प्रेरणा हलक्या हातानं लावत राहिली. "माय गेल्यापासून तोंडावरून असा हात कोणी फिरवला नाही, पोरी."

दुसऱ्या दिवशी सगळ्या बाया वेळेआधीच धुऱ्यावर हजर होत्या, डोक्याचे रुमाल सोडून. तिसऱ्या दिवशी आणखी चौघी आल्या.

चौथ्या दिवशी सकाळी शेजारच्या वावराचे मालक भास्करराव दारात उभे राहिले. सासऱ्यांना हाक मारायला प्रेरणा वळली, तर त्यांनी तिलाच थांबवलं.

"सूनबाई, थ्या मलमाचं नाव लिहून दे बरं. माह्या वावरात एकबी बाई येऊन नाही राह्यली!"