मज्जेपुरती जागा

दीड वर्षाच्या बाळाचा पाय तिसऱ्यांदा मोडला, तेव्हा डॉक्टरांनी कुंदाला एक्स-रे दाखवला. हाडं आतपर्यंत भरीव, तरी ठिसूळ.

“जंतू गिळणाऱ्या पेशींच्याच कुळातल्या काही पेशी जुनं हाड खातात, म्हणून नवं मजबूत होतं. याच्या पेशी ते कामच करत नाहीत. त्या पेशी हाडातल्या मज्जेत तयार होतात, आणि याच्या ताईची मज्जा याला जुळतेय.”

धडधाकट लेकीला सुया टोचायच्या? कुंदाने तिला जवळ ओढलं.

आठ वर्षांच्या रेणूनेच डॉक्टरांना विचारलं, “माझ्या पेशी बाळाची सगळी हाडं खातील?”

“जुनी तेवढीच.”

“मग घ्या की.”

रेणूची मज्जा बाळाला दिल्यावर सात महिन्यांनी नव्या एक्स-रेत मांडीच्या हाडात मज्जेपुरती जागा झालेली दिसली.

आजवर कुंदाने रेणूला बाळ उचलू दिलं नव्हतं. घरी येताच तिने ते रेणूच्या मांडीवर ठेवलं.

“घे,” ती म्हणाली, “घट्ट धर.”