वाढलेलं घड्याळ

दर रविवारी वृद्धाश्रमातल्या अंतर्गोल आरशातून बाबांची प्रतिमा सुलभाच्या दिवाणखान्यात, हवेत उमटायची.

“बघा, मास्तर कसे भरलेत!” त्यांच्या मागे उभी व्यवस्थापकबाई म्हणाली.

खरंच, महिन्याभरात बाबा चांगलेच मोठे दिसायला लागले होते. बोलत मात्र नव्हते, नुसते हसत होते.

सुलभाच्या मनात पाल चुकचुकली. माणूस भरेल एक वेळ, पण मनगटावरचं घड्याळ कसं भरलं?

बाबांनीच तिला आठवीत शिकवलं होतं, वस्तू अशा आरशाकडे सरकते तशी हवेतली प्रतिमा मोठी होते. म्हणजे बाबा भरले नव्हते. बाईसमोर तोंड उघडता येईना, म्हणून दर रविवारी खुर्ची इंचभर पुढे ओढत होते.

“तब्येत छान आहे हो,” सुलभा बाईला म्हणाली आणि तिनं गाडीची किल्ली उचलली.