श्राद्धाचा कागद

ग्वांगदोकच्या डोक्याचा तुळतुळीत गोटा केला होता. त्यावर चौकट ठेवून चार स्क्रू आवळले, तेव्हा काचेपलीकडे ओकबुनने डोळे गच्च मिटून घेतले.

सोलच्या या इस्पितळात कवटी न उघडता हाताचा कंप घालवतात. हजार बाजूंनी ध्वनिलहरी सोडायच्या, त्या मेंदूतल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या जागी आणून मिळवायच्या आणि तेवढीच जागा तापवून गप्प करायची. माणूस मात्र टक्क जागा हवा.

ओकबुनला घोर एकच होता. परवा घरी श्राद्ध. मृताचा कागद घरच्या कर्त्याने कुंचल्याने लिहायचा, मग आत्मा त्या कागदावर येऊन बसतो आणि जेवतो. ग्वांगदोकचं अक्षर वडिलांनी घटवून घेतलेलं, मोत्यासारखं. पण हाताला कंप सुटला आणि गेली दोन वर्षं मुलगी मिरान तो कागद छापून आणत होती. छापील कागदावर कोण येणार? दोन्ही वर्षं अन्न तसंच निवलं, हे ओकबुनने उंबऱ्यातून पाहिलं होतं. तिच्या जिवाला ते फार लागलं होतं.

ग्वांगदोकने डॉक्टरांच्या सांगण्यावरून गोगलगाईचं वेटोळं काढलं. पहिलं भूकंपात सापडल्यासारखं आलं. लहरींच्या तिसऱ्या माऱ्यानंतरचं जरा सावरलं. डॉक्टरांनी विचारलं, डोकं गरगरतंय का?

"थोडं," काचेपलीकडच्या मिरानकडे बघत ग्वांगदोक म्हणाला. "पण लग्नाच्या दिवशी हिच्या आईला पाहून गरगरलं होतं, तेवढं नाही."

"अहो, चारचौघांत काय बोलता," ओकबुन पुटपुटली.

मिरान हसली आणि हसता हसता तोंड फिरवून तिने डोळे पुसले.

सातव्या माऱ्यानंतर रेघ न अडखळता फिरली. डॉक्टर निकाल समजावू लागले, पण हातच्या कांकणाला आरसा कशाला? ग्वांगदोक आपल्याच बोटांकडे बघत राहिला. ओकबुनला रडू कोसळलं.

श्राद्धाच्या संध्याकाळी मिरानने भात, सूप, भाजलेला मासा आणि सुकी बोरं मांडली. हात दमला तर असावा म्हणून तिने यंदाही कागद छापून आणला होता.

"फाड तो," ग्वांगदोक म्हणाला. "दोन वर्षं नुसती फसवणूक केली आपण."

दार रीतीप्रमाणे उघडं होतं. ओकबुन उंबऱ्याशीच अवघडून उभी राहिली. ग्वांगदोकने शाई घोटली, बाही सावरली. कुंचला कागदाला टेकला, आणि थरथरला नाही.

'दिवंगत पत्नी,' त्याने लिहिलं. त्याखाली तिच्या माहेरचं कूळ. नाव लिहायची रीत नाही, पण त्याने तेही लिहिलं: ओकबुन.