आवाजाची चाचणी

"मी अजून कॉम्प्युटरला हातसुद्धा लावला नाही, आणि हा शहाणा आपोआप वाजतोय," टेबलाखाली डोकं घातलेला भाचा पुटपुटला.

स्पीकरचं बटण दाबताच त्यानं टिडिंग केलं होतं. कॉम्प्युटर मात्र म्हणत होता, स्पीकर सापडत नाही.

"धाकटीचाच ना तो?" पलंगावरून आत्या म्हणाली. "तिच्यासारखाच. मनात असेल तेव्हाच बोलणार."

आत्याचा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता. धाकट्या भाचीचं लग्न आज दूर, मुलाच्या शहरात. विमानाची तिकिटं काढून झाली आणि आत्या बाथरूममध्ये घसरली. आईवेगळी दोन्ही भाचरं तिनंच वाढवली, हे स्थळही तिनंच शोधलं, आणि आता लग्न पडद्यावर बघायची वेळ आली होती. भाच्यानंही परवा स्वतःचं आणि बायकोचं तिकीट रद्द केलं. "तुला असं टाकून नाही जात," म्हणाला. "तिच्या मैत्रिणी आहेत की तिथं." आत्यानं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि "बरं" म्हणाली.

पण तयारीत तिनं कसूर ठेवली नव्हती. प्लास्टर घातल्यापासून ती पडल्या पडल्या कॉम्प्युटर शिकली होती. काल तिनं चार्जर लावला, नको त्या खिडक्या मिटल्या, अपडेट उरकून घेतलं, नाहीतर ते नेमकं ऐन वेळी डोकं वर काढतं. चाचणी म्हणून कुठल्याशा तळ्यातल्या बदकांचं थेट प्रक्षेपण पाहिलं. बदकं एकदाही अडखळली नाहीत.

आज पडद्यावर नुसतं एक चक्र गरगरत होतं.

"काल बदकं कशी मजेत पोहत होती," आत्या म्हणाली.

"बदकांच्या लग्नाला पाहुणे नसतात गं. इथं सगळे एकदम बघायला बसलेत."

"नेटची वायर बघ."

"बघितली."

"मघाशी तू काढलीस, तीच ना?"

"धूळ पुसत होतो," भाचा टेबलाखालूनच म्हणाला.

भाचेसून चहाचे तीन कप घेऊन आली. येता येता तिनं आतल्या खोलीचं दार पायानं ओढून घेतलं. "पसारा आहे आत," ती म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं.

"काल धाकटीशी बोलणं झालं का?" आत्यानं विचारलं.

"झालं की. खूश आहे," दोघं एकदम म्हणाली.

"मला मात्र बरेच दिवस तिचं हसू ऐकू आलं नाही फोनवर."

"दमलीय हो आत्या," भाचेसून म्हणाली. "लग्नाची धावपळ काय कमी असते?"

"असेल," आत्या म्हणाली, आणि अंगावरची नवी शाल उगाच सारखी केली.

चक्र एकदाचं थांबलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली: प्रक्षेपण उपलब्ध नाही.

भाच्यानं श्वास सोडला, सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा. "गेलं. आता काही लागत नाही हे. फोटो येतीलच मागाहून, तेव्हा बघू निवांत."

भाचेसुनेनं आत्याचा हात धरला. दुसऱ्या हातात रुमाल तयारच होता. आत्यानं तो घेतला आणि चष्मा पुसला. मग शाल काढून तिची नीट घडी घातली. कितीतरी दिवस कपाळाला चिकटून बसलेली आठी आत्ता तिथं नव्हती.

"अजून एक कप टाक गं," ती म्हणाली.

"तुम्हाला?"

"मला नको. तो स्पीकर आपोआप वाजत नाही. त्याला एकाच फोनची ओळख आहे. धाकटी कामावरून आली की दारावरच्या बेलच्या आधी तो वाजायचा. त्या आवाजावर मी चहा टाकायचे."

टेबलाखालून बाहेर येणारा भाचा अर्ध्यावरच थांबला.

"सकाळपासून पोटात काही नसेल पोरीच्या," आत्या म्हणाली. "जा, त्या पसाऱ्यातून तिला बाहेर आण. आणि दार उघडल्या उघडल्या आधी सांग, लग्न मोडलंस ते फार बरं केलंस, असं आत्या म्हणतेय."