कागदाचे पाय

"तोंडातून एक शब्द काढायचा नाही," ऑगस्टा आत्याने दुकानाच्या दारातच बजावलं. व्हर्लीनने मान डोलावली. सात वर्षांच्या पोरीने मान डोलावणं आणि तिने खरोखर गप्प बसणं यांचा फारसा संबंध नसतो, हे आत्याला चांगलं ठाऊक होतं. पण बजावल्याशिवाय तिलाही चैन पडत नसे. तिने नुकतेच, गावाच्या पुलापाशी, हातातले बूट पायात चढवले होते. गावाबाहेर ती अनवाणीच चाले. मातीचा गारवा आवडतो म्हणायची.

व्हर्लीनच्या हातात तिचे स्वतःचे दोन्ही पाय होते. म्हणजे किराणा मालाच्या पिशवीचा तपकिरी कागद, आणि त्यावर आत्याने पेन्सिल फिरवून काढलेले तळवे. टर्नबुलच्या दुकानात काळ्या गिऱ्हाइकाने बुटात पाय घालायचा नाही, कागद द्यायचा. टर्नबुल तो बुटात सरकवणार, चष्म्यावरून बघणार आणि 'बसतोय' म्हणणार. कागद बिचारा कधीच 'चावतोय' म्हणत नाही. मागच्या ईस्टरला चर्चमध्ये व्हर्लीनने अख्खी कविता एका पायावर उभं राहून म्हटली होती आणि मागच्या बाकांवरची मंडळी तोंडाला हातपंखे लावून हसली होती. यंदा तिच्या वाट्याला आठ कडवी आली होती. आठ कडवी एका पायावर निभणं कठीण होतं.

गोरी मुलं सरळ पाय घालून बघतात ते का, असं तिने एकदा आत्याला विचारलं होतं. आत्या मक्याचं पीठ कालवत होती. मान वर न करता ती म्हणाली, त्या बिचाऱ्यांचे पाय काढून द्यायला घरी कोणाला सवड नसते, मग बसावं लागतं चारचौघांत मोजे दाखवत. व्हर्लीनला ते पटलं. तेव्हापासून तिला गोऱ्या मुलांची मनापासून दया येई.

आज खुर्चीवर बँकेच्या मॅनेजरांची लेनोर बसली होती. वय सातच असेल, पण तोंड दुपटीने फुगलेलं. एका मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. पाचवा जोड तिने नुकताच लाथाडला होता. तिची आई, मिसेस प्रॅथर, सारखी घड्याळ बघत होती. तिच्याकडे दुपारी जेवायला बारा बायका यायच्या होत्या आणि कोंबडी अजून चुलीवरही चढली नव्हती. आत्या आणि व्हर्लीन भिंतीला लागून उभ्या होत्या. गोरं गिऱ्हाईक संपलं की त्यांची पाळी.

तो उघडा अंगठा व्हर्लीनला बघवेना. आत्याने हात पुढे करेपर्यंत पोरगी फरशीवर बसलीसुद्धा.

"रडू नका, मिस," ती म्हणाली. "मी काढून देते तुमचा पाय."

आपल्या कागदाच्या पाठीवर तिने लेनोरचा पाय ठेवला आणि कानामागची पेन्सिल फिरवली. लेनोरला गुदगुल्या झाल्या. ती हसली, कागद बघून हरखली आणि तिने जाहीर करून टाकलं की आता हाच बुटात घाला, मी पाय घालणार नाही. ते आपल्यासाठी नसतं, असं मिसेस प्रॅथरने सांगितलं. का नसतं, असं लेनोरने विचारलं. मिसेस प्रॅथरने टर्नबुलकडे पाहिलं. टर्नबुलने छताकडे पाहिलं. तिथे नुसता पंखा होता.

"ती घालत नाही, मग मी पण नाही," लेनोर म्हणाली आणि दोन्ही पाय पोटाशी घेऊन बसली.

पुन्हा घड्याळ. मिसेस प्रॅथरच्या कपाळावर घाम आला होता.

"टर्नबुल, त्या काळ्या पोरीचा पाय घाला एकदाचा बुटात आणि मला सोडवा."

टर्नबुलने रस्ता न्याहाळला, दाराचा पडदा ओढला, आणि मग त्याच्या ध्यानात घोटाळा आला. काळा पाय लागलेला बूट परत फळीवर ठेवायचा नाही, हा नियम त्याचाच. माप चुकलं की जोड वाया. तो गुडघ्यांवर बसला. लाकडी पट्टी लावून त्याने लांबी मोजली, रुंदी मोजली, अंगठा चाचपला, करंगळी चाचपली, परत सगळं मोजलं. सबंध मिसिसिपीत त्या दिवशी कोणाचाही पाय इतक्या काळजीने मापला गेला नसेल.

व्हर्लीनचे डोळे भरून आले.

"आत्या, माझं काय चुकलं? माझ्याकडे कागद आहे ना."

आत्या पॉलिशच्या डब्यांकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. हसते की रडते, हे मागून कळेना.

"घाल, बाळा, एकदाच," ती म्हणाली. "त्या बिचारीला बरं वाटेल."

व्हर्लीनने मन मोठं करून पाय आत घातला. मग दुसरा. उभी राहिली, टाचा आपटल्या. कुठेही काही चावलं नाही. तिने मनातल्या मनात पहिलं कडवं म्हणून पाहिलं, दोन्ही पायांवर. लेनोरनेही निमूटपणे सहावा जोड चढवला आणि आपला कागद मागून घेतला.

परतताना पुलापाशी आत्याने नेहमीसारखे बूट काढले. तिची बोटं एकमेकांवर चढलेली होती, करंगळ्या पार तळव्याखाली गेल्या होत्या. व्हर्लीनने ते पाय रोज पाहिले होते. आज ती आपल्या बुटांकडे बघत राहिली, मग त्या पायांकडे, मग पुन्हा बुटांकडे. पूल संपला.

मग तिने आत्याचा हात धरला.

"आत्या, पुढच्या वेळी तुझा कागद आपण घरीच विसरून येऊ."