तीन किलोंची शांतता

जेवणाच्या टेबलावर महिनाभर नणंद-भावजयीची जुंपली होती. लेकीचं म्हणणं, केक खा नाहीतर काकडी, दिवसाच्या कॅलरी हद्दीत राहिल्या म्हणजे झालं. सून म्हणायची, मोजमाप गेलं खड्ड्यात, अन्न कसदार हवं. आणि कसदार म्हणून मूठ-मूठ बदाम तोंडात टाकायची. लेकीने हद्द संपली म्हणून ताटात टाकलेलं आणि सुनेने निकस म्हणून बाजूला सारलेलं, सगळं अण्णांच्या पोटात जायचं. पट्टा पुरेना, म्हणून त्यांनी त्याला नुकतंच नवं भोक पाडलं होतं.

आज दोघी वजनकाट्यावर चढल्या. दोघींचंही वजन तीन किलो उतरलेलं! “मी सांगत नव्हते?” दोघी एकदमच ओरडल्या आणि चक्क एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

त्या आत गेल्यावर अण्णांनी हळूच काट्यावर पाय ठेवला. तेही तीन किलोंनी कमी! ते पट्ट्याकडे बघतच राहिले.

“मीच काटा मागे फिरवलाय,” बायको त्यांच्या कानाशी कुजबुजली. “आत्ता कुठे घरात शांतता आहे. तोंड उघडलंत, तर उद्यापासून तुम्हाला दोन्ही डाएट!”